जाऊबाईंचं सूप

भाषणाला उभं राहायचं म्हणून घाबरता होय? मग आमच्या थोरल्या जाऊबाईंचं ऐका.

दुसरं महायुद्ध संपलं त्या उन्हाळ्यात मामलेदार जतकडच्या आमच्या गावात यायचे होते. त्यांच्याकडं विहीर मागायची आणि बोलायचं जाऊबाईंनी, असं आम्हा बायकांचं ठरलं. ज्वारी निवडायला बसल्या की त्यांचं तोंड थांबायचं नाही, म्हणून.

पण भर सभेत उभ्या राहिल्या आणि नुसता पदर पिळत राहिल्या. पुरुष हसायला लागले. जाऊबाईंचे मालक, म्हणजे आमचे थोरले दीर, म्हणाले, "चल घरला. तुला जमायचं न्हाई."

जाऊबाई तरातरा घरी गेल्या आणि ज्वारीनं भरलेलं सूप घेऊन परत आल्या. मामलेदारांच्या टेबलापुढं फतकल मारून बसल्या, मान खाली घातली आणि खडे वेचायला लागल्या.

"आता ऐका, सायेब."

मग कोसभर लांबचा झरा, तिथं वाटी वाटीनं भरायची घागर, परवा त्याच वाटेवर भोवळ येऊन पडलेली पोटुशी पोर, सगळं सांगितलं. हात एकदाही थांबला नाही.

शेवटी मान वर करून विचारलं, "मग हीर कवा देताय?"

मामलेदार चष्मा पुसत राहिले. तोंडातून शब्द फुटेना.

जाऊबाईंनी सूप त्यांच्यापुढं सरकवलं. "जरा निवडा, सायेब. हात चालला की त्वांड चालतंय."