खोक्यावरची पाटी

बांडुंगच्या बसस्थानकात माझ्या मागच्या बाकावर दोन तरुण बसले होते. एकाच्या पाठीवर गिटार होती.

"विल्दान, गारुतची ही पण बस सोडलीस. घरी जायचंय ना?"

"जायचंय रे. पण बाबांसमोर कुठल्या तोंडानं जाऊ?"

"झालं काय?"

"माझा स्पीकरचा खोका आहे ना, तो बाबांनी बनवलाय."

"काय सांगतोस! मला वाटलं इम्पोर्टेड. आमच्या बँडचा भुशाच्या फळीचा आहे, आवाज वाढवला की नुसता खडखडतो. तुझा कसा भरून वाजतो, लेका! जाड प्लायवूड, कोपऱ्यात एक खिळा दिसत नाही."

"बाबा सुतार आहेत. परदेशी कंपनीची पाटी मी चिकटवली."

"कशाला?"

"तुम्ही सगळे हसाल म्हणून."

"बरं, मग?"

"शनिवारी आमच्या कार्यक्रमाला बाबा न सांगता आले. संपल्यावर स्टेजवर चढले आणि खोक्यावरून हात फिरवत उभे राहिले. पाटी वाचली त्यांनी. तेवढ्यात आमचा ड्रमवाला म्हणाला, 'बघताय काय काका, बाहेरचा माल आहे! आपल्या सुतारांना जमेल का असं?'"

"अरेरे. बाबा काय म्हणाले?"

"'नाही जमणार,' म्हणाले. आणि खोका गाडीत चढवायला वाकले."

"आणि तू?"

"सगळे बघत होते रे."

"विल्दान, तू काय म्हणालास?"

"म्हटलं, 'काका, जपून. महागाचा आहे.'"

"स्वतःच्या बापाला काका म्हणालास?"

"ते म्हणाले, 'हो साहेब.'"