शेठने काढलं नाही

माझं गाव अमळनेरकडचं. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा चुलतभावाबरोबर सुरतला आलो, उधन्याला लूमच्या कारखान्यात लागलो, तेव्हापासून तेच. लूमच्या आवाजाने कान गेले बेटा, तू जरा मोठ्याने विचार.

आमच्याकडे रीत अशी, की मंदी आली तरी शेठ कोणाला काढत नाही. म्हणतो, गावी जाऊन या, धंदा उघडला की फोन करतो. आपणही म्हणायचं, बरं शेठ. भावाच्या शेतात राबायचं, फोन आला की परत. या वेळी फोन आलाच नाही. भावजय तोंडाने काही बोलत नाही, पण भाकरी आपटते, म्हणून परत सुरतला, गोडादऱ्याच्या खोलीवर आलो.

पोरगी म्हणाली, पप्पा, पगारातून विमा कापायचे ना, काम गेलं तर त्यातून काही दिवस भत्ता मिळतो. मला वाटायचं, विमा म्हणजे दवाखान्यापुरता. गेलो विम्याच्या ऑफिसात. बाई चांगली होती. विचारलं, काढलं का तुम्हाला? मी म्हटलं, नाही बाई, आमचा शेठ तसा नाही. मग तुम्ही सोडलं? म्हटलं, छे. मग काम चालू आहे? तेही नाही. काय सांगू तुला, ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे बघतो. शेवटी म्हणाली, काका, काढलं असेल तरच भत्ता मिळतो.

पोरगी बाहेर येऊन चिडली. म्हणे, भत्ता आला असता तर हातात पैसा खेळला असता, नाक्यावरच्या वडापाववाल्याचीही गाडी चालली असती, सगळी गल्लीच बिनकामाची बसली आहे. पटतं मला. पण काढलं म्हटलं आणि शेठच्या कानावर गेलं तर परत कोण बोलवेल?

म्हणून पर्वत पाटिया भागात शेठच्या दुकानावर गेलो, म्हटलं, काढलं असं तुम्हीच सांगा. त्यांनी चहा पाजला, म्हणाले, सुकलाल, तू तो घर का आदमी है, तुला काढलं असं कसं सांगू? मला इतकं बरं वाटलं. घरी आलो, बायको मजुरीवर आणलेल्या साडीला टिकल्या चिकटवत होती, तिने विचारलं, मग काय ठरलं, तेव्हा कळलं, काहीच ठरलं नाही.

ती म्हणते, शेठला वाईट वाटेल म्हणून आपण उपाशी राहायचं का? तिचं खरं आहे. शेठही खोटं बोलला असं वाटत नाही. देव सगळ्यांचं भलं करो. उद्या पोरगी परत ऑफिसात नेणार आहे. काढलं म्हणेन. म्हणजे, बहुतेक म्हणेन.