बसल्या जागी दहा हजार पावलं

—न्हाई हो पावनं, गुडघा माझा न्हाई, मंडळीचा. आत फोटो काढायला नेलीय तिला. मी आपला ठणठणीत! हे बघा मनगटावर — नऊ हजार आठशे पावलं, आन अजून दुपार न्हाई झाली. श्रीगोंद्याचं पानीच तसलं... असं सगळ्यांना सांगतो मी. तुमालाबी सांगून गेलो बघा, खोड. बसा वो, केडगावच्या ह्या दवाखान्यात नंबर लवकर लागत न्हाई.

तर सुनेनं, दिपालीनं, दोन आनली ही यंत्रं — दोघांचीबी शुगर वाढलेली. मला हा पट्टा. मंडळीचं, भागूबाईचं, मनगट मातर बांगड्यांनी भरलेलं. सून म्हनली, आत्याबाई, दोन उतरवा की. ही म्हनली, "तुझा सासरा जित्ता हाय अजून!" मग तिला चिमट्याचं दिलं, कमरेला खोचायचं. आन लागली आमची पैज — दिसाकाठी ज्याची पावलं कमी, त्यानं दुसऱ्या दिवशी चहा करायचा.

आता खरं सांगू? पहिल्याच हप्त्यात मी पारावर बिबट्या सांगत हुतो. उसात बिबट्या, माझ्या हातात नुसती बादली, म्या ती अशी फिरवली — अशी! — त्यो मागं, मी म्होरं... बिबट्या कसला, मांजर हुतं ते, जाऊ द्या. गोष्ट सपली आन बघतो तर सहाशे चाळीस पावलं वाढलेली! बूड हाललं नव्हतं, पावनं. हात हालला की ह्याला वाटतं मानूस चालला. मग काय — रोज दोन बिबटे, एक कोल्हा, एक नदीचा पूर, झाली धा हजार! तिच्या कमरेचं तसलं थोतांड करत न्हाई. उलट ही हळू, पाय घासत चालती, तर ते निम्मी पावलं गिळतं. दिसभर राबून हिची साडेतीन हजार.

मला म्हाईत हुतं? व्हय, हुतं. एकदा तिचं चिमटं लावून मोजून शंभर पावलं चाललो — अठ्ठ्यान्नव दाखवली. मग तिच्यासारखं पाय घासत चाललो — साठ. तरी बोललो न्हाई. वर शेजाऱ्यांपुढं — "आमची मंडळी बसून खाती!" सगळी हसायची. तीबी हसायची.

मग ती पहाटं उठून कॅनॉलच्या कडंनं चालायला लागली. गुडघा सुजला तरी. म्हनली, तुमी ह्या वयात एवढं चालता, मलाच का जमंना? आन म्या काय केलं? चहा पिला. तिनं केलेला. परवा तिथंच खाली बसली ती, उठंना. शेजारच्या भागवतच्या टेम्पोत घालून घरी आनली.

मघाशी डाक्टरनी इचारलं, आजी, चालता किती? ही म्हनली, "ह्यांच्या निम्मंबी न्हाई." मान खाली घालून म्हनली वो. मान कुनी घालायची खाली —

थांबा. थरथरलं हे. धा हजार... "अभिनंदन" म्हनतंय. ह्या बाकड्यावर बसून, तुमच्यापुढं हात हालवून.

आली बघा. अगं हळू, भिंत धर... काय? माझी? माझी आज किती झाली —

बस. आधी बस हितं.

पावनं, उठा जरा. बाहेर चहाची गाडी हाय, तिकडं जावा. न्हाई न्हाई, उठाच. आता जे सांगायचंय ते हात न हालवता सांगायचंय मला.