छपरावरचे कान

आधी तो कोपऱ्यातला पंखा बंद करा. मघापासून बघतेय, अर्धी माणसं भाषणं सोडून छताकडे बघत बसली आहेत. दूधवाला तर दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आला. गुणगुण ऐकली की जिथली माणसं जमिनीवर पालथी पडतात, तिथे निरोपाच्या सभेला घरघरणारा पंखा लावायची अक्कल कोणाची? उकडलं तर उकडू दे. घामाने कोणी मरत नाही.

झाला बंद? आता नमस्कार.

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेली संरक्षण समितीची मोठी मंडळी, समोर दाटीवाटीने बसलेल्या लेकीसुना, आणि आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे जावईबापू. मी काय बोलते ते त्यांना ऐकू येणार नाही, त्यामुळे मला मोकळेपणाने बोलता येईल. समितीने मला भाषण लिहून दिलं होतं. त्यातला ‘अतुलनीय’ वाचतानाच मला धाप लागली. माझी शाळा जोडाक्षरांच्या अलीकडेच सुटली. तेव्हा माझं मीच बोलते.

जावई मूळचे मोटर मेकॅनिक. गाडी वळणावर असतानाच तिचं दुखणं सांगायचे. म्हणून लढाई आपल्या रस्त्यापर्यंत आली तेव्हा समितीने त्यांना गॅरेजच्या छपरावर बसवलं. ड्रोनचा आवाज आला की ऑफिसात फोन करायचा. ऑफिसात भोंग्याचं बटण. भोंगा झाला की गाड्यांनी जाळीखाली थांबायचं, उघड्या रस्त्यावर जायचं नाही. एवढी साधी गोष्ट.

साधी कुठली राहायला? खेळण्याएवढं ते यंत्र, त्याने आपल्याला किती नाचवलं! आपण रस्त्यावर जाळी ताणली, ते बाजूने शिरायला लागलं. बाजूला पडदे सोडले, तर वाटेत उतरून बेडकासारखं दबा धरून बसायला लागलं, गाडी आली की उडायचं. मग त्याची दिशा चुकवणारं मशीन आलं. मोठा गाजावाजा झाला. तर शत्रूने शेपटीला बारीक तार बांधून त्या तारेतूनच ते चालवायला सुरुवात केली, मशीनला दादच देईना. असं हे चाललंय. कंटाळा आला म्हणून सांगता येत नाही, कारण सांगायचं कोणाला?

तर शेवटी उरले कान. तेही गेले. गेल्या हिवाळ्यात गॅरेजच्या अंगणात एक फुटलं आणि जावई बहिरे झाले. ही गोष्ट समितीला आत्ता कळली असं आत्ताच्या भाषणात सांगितलं गेलं. छान. मग मधले महिने कोण ऐकत होतं? माझी लेक. ती शेवटच्या रांगेत बसली आहे, तिला वर खुर्ची दिलेली नाही. ती नवऱ्याशेजारी बसायची, आवाज आला की त्याच्या खांद्यावर थाप मारायची, आणि तो फोनवर बोलायचा. तिनेच का नाही केला फोन? केला होता. बाईचा आवाज ऐकला की ऑफिसातला कारकून म्हणायचा, काकांना द्या.

आता दूधवाल्याच्या गाडीचं. तुमच्या चौकशीत आलंय की छपरावरून खबर मिळाली नाही, काकांना ऐकू आलं नाही. म्हणून त्यांना छपरावरून उतरवलंत, आणि म्हणून आजचा हा हार. अहो, थाप पडली होती. जावयांनी फोन लावला आणि सगळी खबर नीट सांगितली. समोरून कोणी उचलला की नाही, हे बहिऱ्या माणसाला कसं कळणार? भोंगा होईना म्हणून लेकीने फोन कानाला लावला, तर तिकडे नुसती घंटी वाजत होती. जावई घंटीशी बोलत होते.

ऑफिसात कोणी नव्हतं का? सगळे होते. ड्रोनपासून बचाव कसा करावा यावर बैठक चालू होती, आणि व्यत्यय नको म्हणून फोन बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवला होता.

लेक जिना उतरून धावली, ओढणी हलवत रस्त्यात उभी राहिली. दूधवाला ब्रेक मारून बाहेर पडला म्हणून आज हात गळ्यात बांधून इथे बसलाय. गाडीचा कोळसा झाला. आणि खापर फुटलं ते कानावर.

काल मी लेकीला म्हटलं, आता तरी खाली ये, तुझी पोरं मी किती दिवस सांभाळू? त्यावर ती म्हणाली, “खाली बसले तरी ऐकू येतंच गं आई. मग वर बसलेलं काय वाईट?” मी पोरांना जेवायला वाढलं. मला राग आला तो वेगळा.

जावईबापूंना हार घातलात, त्याबद्दल आभार. ते आता घरी बसतील आणि पोरांचा दंगा त्यांना ऐकू येणार नाही, तेवढंच त्यांचं सुख. सगळ्यांना उकाड्यात बसवलं, त्याबद्दल क्षमा करा. बोलण्यात काही लागलं असेल तर तेही पोटात घाला. मात्र चौकशीतलं ते वाक्य आज खोडायचं.

आणि उद्या सकाळपासून फोन आतल्या टेबलावर येईल. वाजला की कारकुनाने हात लावायचा नाही. अध्यक्ष महोदय, तुम्ही उचलायचा. बाईचा आवाज येईल. काकांना द्या म्हणायचं नाही. ऐकायचं, आणि बटण दाबायचं.