बापाने पुढे केलेलं प्यादं

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, समोर बसलेल्या बंधुभगिनींनो आणि मागच्या बाकावर अजून डावातून मान वर न काढलेल्या मंडळींनो,

मी नटबोल्ट विकणारा माणूस. बुद्धिबळ मला कळतं ते कानाने. तरी आपल्या मंडळाची ही लेक प्रशिक्षक म्हणून परगावी निघालीय, तेव्हा तिचा एक डाव सांगितल्याशिवाय खाली बसवत नाही.

निवड स्पर्धेची शेवटची फेरी. संघात जागा एकच उरलेली, आणि ती मिळवायला हिला जिंकणं भाग. समोर कोण यावं? हिचेच वडील, आपले टेलरमामा.

बसता बसता ही दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, मुद्दाम हरलात तर मी पुन्हा पटाला हात लावणार नाही."

"बस गुमान," मामा म्हणाले.

मामांची सुरुवात आपल्या सगळ्यांना पाठ. वजिरापुढचं प्यादं, आणि मग सगळं कसं मापं घेत घेत. त्या दिवशी मात्र त्यांनी राजापुढचं प्यादं सरकवलं, आणि दुसऱ्याच चालीला त्याच्या शेजारचं पुढे करून चक्क फुकट देऊ केलं. किंग्ज गँबिट म्हणतात याला. प्यादं द्यायचं आणि हल्ल्याला वाट करून घ्यायची. पण हे आमच्या खजिनदारांना कोण सांगणार? ते माझ्या कानाशी लागले, "बघा, बापाचं काळीज. लागले द्यायला."

हिच्याही मनात तेच आलं असावं. प्यादं राहिलं बाजूला, ही बापाच्या तोंडाकडेच बघत बसली. मग घेतलं. आणि मामा असे तुटून पडले, की खजिनदार खुर्ची सोडून पटाशी जाऊन उभे राहिले. हिने ऐन वेळी एक घोडा मधे घातला, हल्ला थोपवला आणि डाव जिंकला.

पण आनंद कुठला? जिन्यात बापाला गाठलं. "डाव मुद्दाम कुठे सोडलात, सांगा."

"सोडतोय कशाला? तो घोडा दिसलाच नाही मला. दिसायला हवा होता."

तेवढ्यात खजिनदार हात पुढे करून आले. "मामा, लेकीने नाव काढलं हो."

"तिचं कौतुक मला सांगू नका," म्हणत मामा तोंड फुगवून तरातरा खाली उतरले.

त्या रुसलेल्या पाठीकडे बघत ही पायरीवरच बसली आणि हसत सुटली, डोळे पुसत पुसत.

पोरी, तिकडच्या मुलांशी तूही बापासारखीच खेळ.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. सांगताना एखादी चाल इकडची तिकडे झाली असेल. मामा समोरच बसलेत, ते काही माफ करणार नाहीत. आपण तरी करा.