हिराबायचा बांबू

मंडळी, मी बोलायचं टाळणार होते. सुनंदानं, हिराबायच्या सुनेनं, हाताला धरून उभं केलं. तुम्ही सगळी करावे गावातली, तिची माणसं. मी सीवूड्सच्या सोसायटीतली निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. आणि खरं सांगते, मासळी विकणाऱ्या या बाईवर मी जळत होते.

आमची दोघींची टेकडी एकच. बेलापूरची, बोडकी. मी खड्डे खणले, रोपं आणली, टँकर मागवला, माझ्या नावाचा बोर्ड लावला. हिराबायनं काय केलं? नवऱ्याचे खाडीत जाळं बांधायचे जुने बांबू आणले आणि उतारावर रोवले. बस.

मी हसले. ती म्हणाली, "बाय, खड्डे कशाला खनतेस? पाखराला बसाला जागा दे. बी तोच आनल."

माझी रोपं उन्हाळ्यात वाळली. तिच्या बांबूंवर बुलबुल बसले, कुठे कुठे खाल्लेल्या फळांच्या बिया विष्ठेतून खाली पडल्या. भोकर आलं, उंबर आलं, असाणा आला. हे सगळं मी फळ्यावर शिकवलं होतं हो. शिकवलं मी, आणि रान आलं तिचं. लोक आले, फोटो काढले, तेही तिचेच. मला कुणी विचारलं?

एका दुपारी मी तिचा एक बांबू उपटला. घरी आणून बाल्कनीत कपडे वाळत घालायला बांधला.

सुनंदा, तुझी सासू एकदा माझ्याकडे चहाला आली होती, आठवतं? तूही होतीस. ती बांबूकडे बघत राहिली. म्हणाली, "खाडीतला बांबू हाय, कुजनार नाय." एवढंच. मग जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, "तुझ्या बोर्डावर पन बुलबुल बसतात गो. खाली भोकर आलाय. मी कुंपन केलंय त्याला."

माझ्या नावाखाली जगलेलं ते एकच झाड. तेही पाखरानं लावलेलं, तिनं राखलेलं. मला तिच्या चांगुलपणाचाही राग आला. आजही येतो. आणि माफी मागायची राहून गेली.

तो बांबू आज आणलाय, दाराशी ठेवलाय. उद्या सकाळी होता तिथेच रोवणार आहे. सुनंदा, तू ये. धरायला कुणीतरी लागतं.

आता दोन मिनिटं गप्प उभे राहूया.

हिराबाय, तुझा बांबू परत आणलाय गं.