रायफलीत गेलेलं कुंकू

माझं माहेर आष्टीकडचं, शाळेत एनसीसीत रायफल हातात आली ती सुटलीच न्हाई, आन लगीन होऊन घाटनांदूरला आले तर हितं किराणा दुकान, दिवसभर गल्ल्यावर बसायचं. आमचे मालक, म्हंजे नवरा, चांगले, नेमबाजी सोडू नको म्हणले, लायसन काढाय संगं आले, पण सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, त्या रायफलीकडं बघायच्याच न्हाईत. लेकराबाळांच्या घरात हे कशाला, म्हणायच्या.

काय सांगू तुमाला, ह्या खेळात नेम नंतर, आदी गोळी आत नीट बसली पायजे. नळीच्या मागच्या तोंडाशी गोळीच्या बुडाची कड टेकती आन मागून बोल्ट, म्हंजे मागंपुढं सरकणारा लोखंडी दांडा, तिला धरतो. मदी जागा जास्त राहिली तर गोळी उडवणाऱ्या पिनीचा ठोका वाया, कमी पडली तर बोल्ट अडतो. म्हणून मी एकेका गोळीची कड मोजून घेते, तर मालक म्हणतात, साखर बी अशीच मोजत जा की.

मागच्या खंडेनवमीला दुकानातला तराजू, मापं पूजेला मांडली, तर आत्याबाई आपण होऊन म्हणल्या, तुजी रायफल बी आण. मला रडूच आलं वो. पूजेतलं दसऱ्याशिवाय उचलायचं न्हाई ही आमची रीत, तर दसऱ्याला उचलली, वरवर पुसली आन तशीच निघाले, दुसऱ्या दिवशी राज्याच्या संघाची निवड होती.

तिथं पहिल्याच गोळीला बोल्ट लई जड. कसाबसा लावला, चाप ओढला, नुसता टिक. पंचाला कळावं म्हणून हात वर केला, उशिरा उडली तर म्हणून नळी समोरच धरून थांबले, गोळी काढली, दुसरी घातली, तेच. घड्याळ चालूच. मला वाटलं, झालं, गोळ्याच खराब, एवढी मोजणी मातीत गेली. माज्या नेमबाजीच्या सरांनी आत बॅटरी मारली आन म्हणले, अगं, ह्यात कुंकू कुठून आलं? पूजेत बोल्ट उघडा ठेवलेला, आत्याबाईंनी उंबऱ्याला लावावं तसं मायेनं आत लावलं, ते तेलात भिजून कडेच्या जागी पापडी धरलेली, वर एक अक्षत चिकटलेली, म्हणून बोल्ट जड आन पिनीचा ठोका बी त्या पापडीतच जिरलेला. शेजारचे नेमबाज हसाय लागले, मी बी. ब्रशनं साफ केलं, उरलेल्या वेळात गोळ्या मारल्या, आन शेवटचं का हुईना, यादीत नाव लागलं.

घरी सांगितलं तर मालक लोळून हसले, पण आत्याबाई धड जेवल्या बी न्हाईत. मला धास्ती, आता ह्या पुन्हा रायफलीकडं बघायच्या न्हाईत.

यंदा खंडेनवमीला मी रायफल काढलीच न्हाई, तर त्याच म्हणल्या, तिला कावून ठिवलं आत? आणली, मांडली. त्यांनी कुंकवात बोट बुडवलं, रायफलीवर नेलं आन तिथंच थांबल्या, मग वळून माज्या कपाळाला लावलं. म्हणल्या, तिला कोरडीच राहू दे, तिच्या वाटणीचं बी तुलाच लावते.